मोतीरामजींचं पुढचं वाक्य

मोतीरामजींसमोर वाक्य अर्धं सोडायची सोय नाही. तुम्ही श्वास घेईपर्यंत पुढचा शब्द दबक्या आवाजात तुमच्या कानावर येतो. लाखनीतले हे माझे शेजारी पस्तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. संहिता घेऊन विंगेत बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य पुरवायचं, हे त्यांचं काम. नाटकं सुटली, सवय सुटली नाही.

लग्नात ते भटजींना मंगलाष्टकं पुरवतात. शाळेच्या झेंडावंदनाला मी भाषण करत होतो, तेव्हा त्यांनी पहिल्या रांगेतून मला चार वाक्यं पुरवली. त्यातली दोन माझ्या वाक्यांपेक्षा बरी होती, म्हणून मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना मात्र याचा काही त्रास नाही. त्या मुद्दाम वाक्य अर्ध्यावर टाकतात आणि उरलेलं यांच्याकडून वदवून घेतात.

यंदा कौसल्याबाईंच्या पोटात गाठ निघाली. कर्करोगाची. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं, तेव्हा मीही सोबत होतो. गाठीतल्या पेशी काही जनुकं गप्प करून ठेवतात. औषध त्या जनुकांना जागं करतं, मग शरीराला शत्रू ओळखू येतो. पण काही गाठींत ती जनुकं असलेला गुणसूत्राचा तुकडाच हरवलेला असतो.

"तसं असेल तर..." बाई क्षणभर थांबल्या.

"औषध उठवन कोणाले?" मोतीरामजींनी पुरवलं.

बाईंनी चमकून पाहिलं. तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, नट भाषण विसरला असन तं मी पुरवतो. नटच आला नसन तं विंगेतून कायले बोंबलू?"

बाई म्हणाल्या, अगदी तसंच. नट आला आहे की नाही ते आधी पाहू. आणि त्यांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला.

अहवाल यायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मोतीरामजींनी कोणालाही एक शब्द पुरवला नाही. एका लग्नात भटजी चक्क अडखळले, यांनी मानही वर केली नाही. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन मुद्दाम अर्धी वाक्यं टाकून पाहिली, ती तशीच पडून राहिली. मला ते फार लागलं.

अहवालात गुणसूत्राचा तो तुकडा जागेवर होता. औषध लागू पडेलच असं नाही, पण करून पाहण्यात अर्थ आहे, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. कौसल्याबाईंनी संमतीच्या कागदावर सावकाश सही केली. मग बाईंनी मोतीरामजींना विचारलं, "तुमचं काय म्हणणं? सुरू करायचं ना?"

मोतीरामजींनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला, परत काढला. पुढचा शब्द मला येत होता, पण माझी हिंमत झाली नाही.

कौसल्याबाई त्यांच्याकडे किंचित झुकल्या आणि ओठ फारसे न हलवता, अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "सुरू करा म्हणा जी."

"सुरू करा," मोतीरामजी म्हणाले.