बाथरूममधली तालीम

बाथरूमच्या कडीची मूठ हातात आली तेव्हा बाईंना आधी हसूच आलं. दार ढकललं, ओढलं, पण ते ढिम्म हलेना. मग आठवलं, अकराला रंगीत तालीम! हसू कुठल्या कुठे पळालं.

बाईंनी जन्मभर रंगमंचावर आणि पडद्यावर आत्या केल्या, मावश्या केल्या, खाष्ट सासवा केल्या आणि पहिल्याच प्रसंगात मरणाऱ्या आया तर ढिगाने केल्या. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, जाहिरातीत मात्र त्या कायम 'आणि इतर' मध्ये. या नव्या नाटकात पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली होती, खोलीत कोंडलेल्या म्हातारीची. पण कालच दिग्दर्शक म्हणाला होता, "मावशी, हाक काळजाला भिडत नाहीये. उद्या जमलं नाही, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." त्या धसक्याने बाईंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अहो, दार उघडा! मी आत अडकलेय!" बाईंनी हाक मारली.

बाहेर त्यांचा नवरा पेपर वाचत बसला होता. उभा जन्म विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवलेला प्रॉम्प्टर तो. निवृत्त झाला तरी सवय थोडीच सुटते! पान उलटत त्याने दबक्या आवाजात पुढचं वाक्य पुरवलं, "माझा काय गुन्हा झाला?"

"गुन्हा गेला खड्ड्यात! कडी तुटलीय इथली!"

"हे नाटकात नाही," नवरा शांतपणे म्हणाला. "पदरची वाक्यं घालू नकोस. दिग्दर्शक चिडतो."

बाईंनी कपाळावर हात मारला. मग बादलीवर चढून झरोक्याला तोंड लावलं. "वहिनी! खरंच अडकलेय हो मी!"

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना बाईंची बाथरूममधली तालीम आठवडाभर ऐकून ऐकून अख्खं नाटक पाठ झालं होतं. "काकू, आज झकास!" त्या वरून ओरडल्या. "फक्त रडू जरा लवकर येतंय. एवढ्यात नका रडू."

बाईंनी मग मगाने दार बडवायला घेतलं.

"वा! हा ठोका राहू दे," बाहेरून दाद आली.

आता काय करावं या माणसाला! बाईंचा घसा बसला. इतक्या वर्षांनी दाराशी आलेली भूमिका या मेल्या कडीपायी जाणार, या विचाराने त्यांना भरून आलं. त्या बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि गप्प झाल्या.

बाहेर पेपरची सळसळ थांबली.

"माझा काय गुन्हा झाला?" नवऱ्याने पुरवलं. उत्तर नाही. "माझा काय गुन्हा झाला?" या वेळी जरा मोठ्याने. आत चिडीचूप. ही बाई आजवर एकदाही वाक्य विसरली नव्हती. खुर्ची धाडकन पडली, दारावर खांदा आदळला आणि दारासकट नवरा आत येऊन ओल्या फरशीवर पसरला.

"अगं, बरी आहेस ना? बोलत का नाहीस?" त्याने पडल्या पडल्याच विचारलं.

"मग इतका वेळ काय भिंत बोलत होती?" बाई म्हणाल्या आणि त्याला उठवायला हात पुढे केला.

तालमीला दोघं धापा टाकत पोचले. प्रसंग आला. बाईंनी दार एकदाच बडवलं, हाक मारलीच नाही. नुसत्या खाली बसल्या आणि गप्प झाल्या. दिग्दर्शक खुर्चीतून अर्धा उठला. तेवढ्यात विंगेतून नवरा लंगडत धावत आला. "अगं, बरी आहेस ना?"

दिग्दर्शकाने डोळे पुसले. "हेच ठेवायचं. काका, प्रयोगालाही तुम्हीच यायचं."

जाहिरातीत बाईंचं नाव सगळ्यांत वर झळकलं. नवऱ्याची सोय 'आणि इतर' मध्ये झाली. पहिल्या प्रयोगाला तो ठरल्याप्रमाणे धावत आला, समोर गच्च भरलेलं नाट्यगृह बघितलं आणि जागच्या जागी थिजला. एकुलतं एक वाक्य, तेही विसरला!

बाईंनी प्रेक्षकांकडे पाठ केली आणि दबक्या आवाजात पुरवलं, "अगं, बरी आहेस ना?"