मिशीसकट

सत्यमने बजरंगच्या डोक्याला आणि मिशीला केस सरळ करायचं मलम फासलं आणि पाचव्या मिनिटाला वीज गेली. वीस मिनिटांत धुवावं, असं डबीवर लिहिलं होतं. टाकी कोरडी होती आणि विजेशिवाय मोटार चालणार नव्हती.

"आग व्हायलीय, सत्यम."

"जरा दम धरा, भाऊ. यीलच लाईट."

चौतीस वर्षांच्या बजरंगला दम धरायची सवय होती. तेरा ठिकाणांहून त्याला नकार आला होता. चौदावी गेवराईची तेजश्री. तिच्या बापाने पहिल्याच भेटीत दोन खोटी काढल्या होत्या: मुलाचे केस राठ आहेत आणि जमीन अजून त्याच्या वडिलांच्या नावावर आहे. वडील राधाकिशन सत्तरीत ठणठणीत होते, त्यामुळे दुसऱ्या खोटीला काही इलाज नव्हता. पाहुणे उद्या पुन्हा येणार होते. निदान केस तरी सुधारावेत, म्हणून बजरंग दिंद्रुडच्या या सलूनमध्ये आला होता.

सत्यम शेजारच्या हॉटेलात पाणी मागायला गेला. तिथे चहापुरतंच होतं. कुठून तरी जार घेऊन तो परतला तेव्हा पाऊण तास झाला होता. पहिला तांब्या ओतला आणि केस त्याच्या हातात आले. दुसऱ्या तांब्याला अर्धी मिशी गेली.

"आता सगळंच काढावं लागंल," सत्यम खाली मान घालून म्हणाला. "पैसे न्हाई घेत मी."

त्याने वस्तरा फिरवला. आपल्याकडे मिशीसकट भादरलेला माणूस दिसला की कोण गेलं हे कुणी विचारत नाही; बापच गेला असं धरतात. स्टँडवर मध्यस्थ विठ्ठलराव भेटले. त्यांनी बजरंगला पाहिलं आणि छातीशी धरलं. बजरंगला सकाळपासूनचं रडू तिथेच फुटलं, शब्द निघेना. विठ्ठलरावांनी पाठ थोपटली, त्याला गाडीत बसवून दिलं आणि खिशातून मोबाईल काढला.

गाडी भरून निघायला दोन तास लागले. बजरंग गावात पोचला तर दारात आठ-दहा बाया रडत होत्या. ओट्यावर राधाकिशन तूर पाखडत बसले होते.

"कावून रडायलीस गं?" ते त्यांतल्या छबुबाईला विचारत होते. "कोण गेलं?"

छबुबाईला काय सांगावं कळेना. पण दोन कोस चालत आली होती, त्यामुळे तिने रडणं काही थांबवलं नाही. तेवढ्यात राधाकिशनना पोराचं डोकं दिसलं आणि हातातलं सूप खाली आलं.

बजरंगने सगळं सांगितलं. बाया डोळे पुसत, जरा नाराजीनेच आपापल्या घरी गेल्या. मग विठ्ठलरावांचा फोन आला. बजरंगने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"बजरंग, दुःख हाय, पण आईक. पोरीचा बाप हो म्हणतोय. जमीन आता तुझ्याच नावावर व्हनार म्हणला. फकस्त वर्षाच्या आत लगीन उरकायचं, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागतंय. चार महिन्यानंतरची तारीख धरू का?"

राधाकिशननी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवून पोराला खुणावलं, हो म्हण.

बजरंगला हो म्हणायचं होतं, फार म्हणायचं होतं. पण दारात आई केशरबाई उभी होती. तिने मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं होतं.

"दादा जित्ते हायेत," तो म्हणाला. "सलूनात केस जळाले माझे."



"बरं," विठ्ठलराव म्हणाले. "मंग उद्या पाव्हण्यायची वाट नका बघू."

केशरबाई वाटीत खोबरेल घेऊन आली आणि त्याच्या भाजलेल्या डोक्याला हलक्या हाताने लावू लागली. राधाकिशननी तूर पुन्हा सुपात भरली, दोनदा पाखडली आणि तोंड फिरवून म्हणाले,

"चार महिने मेलो आसतो की मी, येड्या."