दळवीकाकांनी सोडून दिलेला उतार

आमच्या दळवीकाकांना लग्नाची पत्रिका द्यायला गेलात, तर ते आधी विचारतात, "पन्नास वर्षांनी काय?" मग काका हसून सांगतात, "मे महिन्यात लग्न लावताय ना? लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मे महिन्यात उन्हामुळे घराबाहेर पडता येणार नाही. डिसेंबर बघा!"

काका वनखात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. बोरिवलीत आमची बिल्डिंग जंगलाच्या भिंतीला लागून, म्हणून त्यांनी इथेच फ्लॅट घेतला. गेटवर गुलमोहर लावायचं ठरलं, तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी तासभर पुढच्या उन्हाळ्यांचं भाषण दिलं. शेवटी सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुम्हीच लावा काय ते, पण आता चहा घेऊ द्या!" काकांनी कडुनिंब लावला.

गेल्या हिवाळ्यात जंगलाचा नवा आराखडा करायचा होता. खात्याने जुन्या अधिकाऱ्यांना आणि पक्षिमित्रांना बोलावलं. काकांना स्कूटरवरून मीच घेऊन गेलो. पाऊस लहरी झालाय, ओढे लवकर आटतात, वणवे वाढलेत, हे सगळ्यांना मान्य होतं. झाडं मात्र एकूण एक वाचवायची होती.

काका उठले. "सगळंच वाचवू म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. माणसं थोडी, पाणी थोडं. ते ओढ्याकाठी लावा, तिथली सावली टिकली तर जनावरं टिकतील. पश्चिमेचा उतार सोडून द्या."

"अहो, तिथली झाडं मरतील!" एक पक्षिमित्र कळवळला.

"मरतील. गवत येईल. हरणं खातील. जंगल काय तुझ्या फोटोसाठी आहे रे?"

आराखडा करणाऱ्या तरुण अधिकारी बाई थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पटतंय, सर." उतार सुटला. परतताना काका खुशीत शीळ घालत होते. मला मात्र माणूस जरा दगडच वाटला.

मे महिन्यात एका रविवारी मी जंगलात सकाळी फिरायला गेलो होतो. बघतो तर पुढे काका. दोन्ही हातांत पाण्याच्या मोठ्या बाटल्या, धापा टाकत चढतायत. चढतायत तो पश्चिमेचाच उतार! मी मागोमाग गेलो. वर एक कुसुमाचं झाड होतं, अर्धं वाळलेलं. काका त्याच्या बुंध्याशी पाणी ओतत होते.

"काका, हा उतार तर तुम्हीच सोडलात ना?"

ते दचकले. मग खालीच बसले.

"नोकरीत नवा होतो तेव्हा माझी ड्युटी इथे असायची. तुझी काकू खालच्या क्वार्टरमधून डबा घेऊन चढायची. ह्याच झाडाखाली जेवायचो आम्ही. शेवटच्या आजारपणातही विचारायची, आपलं झाड कसं आहे."

"मग मीटिंगमध्ये बोलायचं ना! एक झाड कुणीही वाचवलं असतं."

"मेल्या, प्रत्येकाचं एक झाड असतं. जंगलाच्या आराखड्यात आमचा डबा कुठे बसवू?"

मग त्यांनी दुसरी बाटली माझ्या हातात दिली.

"हळू ओत. घाईने ओतलंस तर सगळं उतारावरून वाहून जातं."