पाहणीचं घर

"पाहणीवाल्यायले पाणी दे, पण उभ्यानं. बसाले खुर्ची देऊ नोको, रेवते. एकदा बसले का त्यायले घर पाठ होते."

मेहकरहून सामान हलवताना सुलभाताईंनी लेकीला बजावलं होतं. सारी नोकरी शाळेत काढलेल्या बाईचं हे शहाणपण रेवतीने हसण्यावारी नेलं. आपल्या घरी कशाला येतेय सरकारी पाहणी?

तिचा नवरा शौनक मागास तालुक्यांच्या विकास योजनेत समन्वयक होता. त्याच्या वाट्याला सोनाळ्याच्या पुढचा, सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा आला आणि रेवतीच्या वाट्याला तिथल्याच एका गावातलं भाड्याचं घर. शौनक सकाळी मोटारसायकलला किक मारी, तो विकास करून अंधार पडल्यावर परते. जेवता जेवता मोबाईलवरून गावोगावचे आकडे वर पाठवी आणि बसल्या जागी पेंगू लागे. उरली रेवती आणि वर्षाची गार्गी. एम.ए. झालेली बाई दिवसभर 'मंमं', 'भू' आणि 'छी' एवढ्यावर संसार चालवत होती. रस्त्याने कुणी जाताना दिसलं की ती अंगणात येऊन वाळलेली दुपटी पुन्हा वाळत घाली.

अशात एका दुपारी दारात जीप थांबली. पंचायतीतला राजकुमार घाम पुसत उतरला.

"ताई, तालुक्याची पाहणी हाय. पुढं नाल्यातून जीप जाऊन नाही राह्यली. दोन मिन्ट मॅडमले सावलीत बसू द्या."

रेवतीने खुर्च्या तर दिल्याच, वर पोहे केले. पोहे खाता खाता मॅडमनी सवयीने विचारलं, "बाळ नीट खातं ना? तुमची झोप होते का?"

तुमची झोप! हे तिला गार्गी झाल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. रेवती बोलू लागली ती थांबेचना. गार्गीचे दात, गार्गीचा ताप, श्वास चालू आहे ना म्हणून झोपेतल्या गार्गीच्या नाकापुढे धरलेलं बोट. जीप सुरू झाली तेव्हा ती खिडकीला धरून जुलाबांबद्दल सांगत होती.

"काय बोलल्या ताई तुमी!" राजकुमार हरखला. "आमच्या बाया साह्यबायपुढं तोंडाले पदर लावतेत. आता कोनी बी येवो, इकडंच आनतो."

आणि त्याने आणले. एका पथकाने परसबाग कुठाय विचारलं, तेव्हा पुढच्या खेपेला कुंड्यांतून मेथी आली. दुसऱ्याने जोडधंदा विचारला, म्हणून शेळी आली. शेळीने मेथी खाल्ली. तिसऱ्या पथकाला राजकुमारने सांगितलं, "परसबागेतूनच चारा," आणि पथकाने मान डोलावली. बचत गटाच्या बेबीताई शिलाई मशीन घेऊन बसू लागल्या. मशीनला सुई नव्हती, पण आवाज दणदणीत होता. संध्याकाळी ज्याची वस्तू तो घेऊन जाई, त्यामुळे शौनकला पत्ता नव्हता.

एकदा मात्र त्याने विचारलं, "अंगणात लेंड्या कशाच्या गं?"

"विकासाच्या," रेवती म्हणाली. तोवर तो पेंगत होता.

मग थेट मुंबईच्या मॅडम आल्या. गाड्यांची रांग लागली. शेवटच्या गाडीतून शौनक उतरला. त्याने घर पाहिलं, शेळी पाहिली, बायको पाहिली. राजकुमारने दुरूनच त्याला हात जोडले.

"नमस्कार, फुलवंतीबाई," मॅडम म्हणाल्या. "तुमचं कौतुक मुंबईपर्यंत आलंय."

रेवतीने मागे वळून पाहिलं. मागे शेळीच होती.

"थे नाल्यापलीकडली हाय, ताई," राजकुमार कानाशी कुजबुजला. "दरखेपेले यादीत तिचंच घर रायते, पन जीप तिथवर जात नाही म्हून मी तुमचं दाखवलं. हो म्हना, नाहीतर माही नोकरी जाते!"

रेवती खाली मान घालून गार्गीचं झबलं नीट करू लागली. मॅडमना वाटलं, बाई बुजली. "शौनक, प्रश्न तुम्ही विचारा. एरवी नुसते आकडे पाठवता."

शौनक पुढे झाला. "बाई... तुमचं जेवण वेळेवर होतं?"

"एकटीचं असतं साहेब. वेळ काय नि अवेळ काय."

"घरात मदतीला कुणी?"

"मालक आहेत. पण ते देशाच्या कामात असतात."

बेबीताईंनी मशीन थांबवलं. शौनकने उगाच गार्गीपुढे हात केले. अंधारात परतणारा बाप तिने भर दुपारी कधी पाहिलाच नव्हता. भोकाड पसरून तिने राजकुमारच्या कडेवर झेप घेतली.

"घाबरवू नका लेकराला," मॅडम करड्या आवाजात म्हणाल्या. "या फुलवंतीबाईंना माणसाची गरज आहे. दर मंगळवारी दुपारी तुम्ही स्वतः यायचं. बसायचं, बोलायचं."

"हो मॅडम."

त्या दिवशी शौनक दिवसाउजेडी घरी आला. हसून म्हणाला, "आता मंगळवारी दुपारी घरी. हुकूमच आहे."

रेवतीने तो मंगळवार मनातल्या मनात मांडून पाहिला. अख्खी दुपार! तव्यावरची भाकरी, समोर बसलेलं माणूस, पूर्ण वाक्यांतलं बोलणं. ती गार्गीला थोपटत राहिली.

"हुकूम फुलवंतीकडे जायचा आहे," ती अखेर म्हणाली.

"अगं, मॅडमनी बोट तुझ्याकडे दाखवलं!"

"तिच्या दारात बोट दाखवायला कुणी गेलंय का? लेकरं असतील ना तिला?"

"दोन आहेत," शौनक म्हणाला, आणि त्याने मोबाईल हातात घेतला.

त्याने खरं काय ते वर कळवलं. त्याला बोलणी बसली, आणि राजकुमारला नाल्यापलीकडे पायी हिंडायची ड्युटी लागली. मंगळवारी शौनकही गाडी नाल्याशी ठेवून चिखलातून पलीकडे गेला. परतला तेव्हा काळोख पडला होता.

"काय म्हणाली?"

"आधी दाराआडून बोलेचना. मग थांबेचना. निघालो तर म्हणते, साहेब, पुढल्या मंगळवारी बी या, इकडं कोनी येत नाही."

रेवती मोठ्यांदा हसली. मग उगाचच ओटा पुसत राहिली.

आता तिच्या दारात जीप थांबत नाही. तेव्हा सोनाळ्याच्या पुढे कधी तुमचं जाणं झालंच, तर नाल्याच्या अलीकडे, रस्त्यालगत पत्र्याचं घर आहे, तिथे जरा डोकावा. रेवती कशी आहे, एवढंच विचारा. उत्तर लांबेल, हाताशी वेळ ठेवून जा. मंगळवारी गेलात तर फारच बरं.