नानांच्या बॅटरीगाडीचे मडफ्लॅप

नाना साळवींच्या गाडीची चाचणी असली की कुणालातरी पांढरा सदरा घालून डबक्याशेजारी उभं राहावं लागे. बहुतेक वेळा तो कुणीतरी मीच असे. नाना डबक्यातून गाडी नेत, पुढे थांबत, उतरत, चष्मा पुसत आणि माझ्या सदऱ्यावरचे ठिपके निरखत. मग वहीत सदऱ्याची आकृती काढून त्यात ठिपके भरत.

"टेस्टिंग झाल्याशिवाय नाय, दत्ता. शास्त्र हाय ते."

नाना मुंबईला कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होऊन महाडला परतले ते विजेवर चालणारी, दोन दारांची चिमुकली मोटार घेऊन. गावात तशी दुसरी नव्हती. भारनियमन संपलं की खिडकीतून वायर सोडून ते ती चार्जिंगला लावत आणि शेजारी खुर्ची टाकून बसत. दूध तापत ठेवलेला माणूस बसतो तसे.

माझं सुट्या भागांचं दुकान होतं. गाडी आल्यावर आठवड्याभरात नाना दुकानात आले. "मागच्या चाकांना मडफ्लॅप दे. एक थेंब उडता नये."

एवढ्या गाडीचे मडफ्लॅप कुठून मिळणार? मी ट्रकचा एक कापून दोन केले. त्यावर सिंह रंगवलेला होता. एका चाकामागे त्याचं तोंड आलं, दुसऱ्यामागे शेपूट. गाडी मागे घेताना तोंड चाकाखाली गेलं आणि फाटलं. पुढच्या पावसाळ्यात पत्र्याची जोडी लावली. ती इतकी वाजे, की नाना येतायत हे लोकांना प्रथमच आधी कळू लागलं. तिसरी जाड रबराची. तिच्या वजनानं बॅटरी दासगावच्या अलीकडेच मान टाकते, अशी नानांची तक्रार. भोकं पाडताना शॉक बसू नये म्हणून त्यांनी मला रबरी चपला घालायला लावल्या आणि स्वतः ओटीवर जाऊन उभे राहिले.

"तुला काय झाला तर सांगायला कोणतरी पायजे ना!"

बाजारात लोक विचारत, "काय नाना, गाडीला लुगडं कधी नेसवताय?" मीही हसायचो. हसण्याचा मला हक्क नव्हता. नाना आणि त्यांची बहीण दोघंही आता नाहीत, म्हणून निदान आता खरं लिहितो.

नानांची थोरली बहीण म्हणजे अक्का. त्या पोलादपूरच्या अलीकडे रस्त्याला लागून राहत. यजमान गेल्यापासून एकट्याच. नानांच्याही घरात दुसरं कुणी नव्हतं. गाडी आली तेव्हा ओवाळायला एखादी सवाष्ण बघा, असं चार जणींनी सुचवलं. नाना म्हणाले, "ओवाळील तर माझी अक्काच." यजमान गेल्यावर अक्कांनी ताट हातात धरलं नव्हतं. त्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून, निरांजन लावून रस्त्याकडेला उभ्या राहिल्या. आसपासच्या बायाही घरात जमल्या.

नाना येतायत ही वर्दी द्यायला मी जीप घेऊन पुढे निघालो होतो. अक्का निरांजनावर ओणवून वात सावरत होत्या, आणि त्यांच्या दारासमोरचं डबकं मी भरधाव उडवलं. आरशात पाहिलं तर अक्का ताटासकट चिखलानं माखलेल्या. मी थांबलो नाही. लाज वाटली म्हणा, भ्यालो म्हणा. वळणाआड निघून गेलो.

अक्कांनी डोळे पुसले, तेव्हा समोर नानांची गाडी उभी होती. तीही त्याच डबक्यातून आलेली, आवाज न करता. अक्कांना वाटलं नानांनी उडवला. नानांनाही तसंच वाटलं. बाया बाहेर येऊन फिदीफिदी हसल्या. अक्का विझलेलं ताट घेऊन आत गेल्या, आणि बहीणभावांचं बोलणं बंद झालं.

चौथी जोडी हलक्या रबराची केली. दर जोडी अक्कांना दाखवायचीच, हा नानांचा नेम; म्हणून नेहमीप्रमाणे आधी माझ्या अंगणात आणि मग अक्कांच्या दारात टेस्टिंग. नाना डबक्यातून गेले. माझ्या सदऱ्यावर एक ठिपका नाही. अक्का पडवीतून उतरल्या, पुढून मागून सदरा निरखला. नाना चार हातांवर उभे होते.

"दत्ता, सांग त्याला, अजून उडतो. पुढल्या पावसात परत दाखव म्हणावं."

परतताना मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. नानांनी गाडी कडेला घेतली.

"म्हणजे मी नव्हतो?"

"नाय नाना. मीच तो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"अक्काला सांगू नको."

"अहो, पण तुमच्यावरचा आळ..."

"भावाला उगाच तोडला म्हणून जीव जाळीत बसेल ती. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेली बरी हाय."

मग ते उतरले, मागून पाना काढून माझ्या हातात दिला.

"डावीकडचा दोन बोटं वर घे. पुढल्या पावसात थोडा उडायला पायजे."