गुडघेदुखीवर उतारा

भागूबाईच्या दगडावर मुंबईचा एक लठ्ठ गृहस्थ बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

उन्हाळवाडीच्या ऊन पाण्याच्या कुंडात बसण्याजोगा दगड एकच. लग्न होऊन आल्यापासून भागूबाई रोज सकाळी त्यावर बसून अंग शेकायची. पण लढाई संपली आणि मुंबईच्या एका डॉक्टरांनी या पाण्याचे गुण वर्तमानपत्रात छापून आणले. तेव्हापासून दर रविवारी खोपोलीहून टांगे भरून माणसं येऊ लागली. पाण्यावर साबणाचा फेस, काठावर केळ्यांच्या साली आणि जांभळीच्या फांद्यांवर वाळत घातलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या. त्या बघून गुरंसुद्धा बुजायची.

"दादा, उठता काय जरा?" भागूबाईने विचारलं.

"आजी, आत्ता कुठे अर्धा तास झालाय. डॉक्टरांनी दोन तास सांगितलेत."

तो उठला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. भागूबाई घाईघाईने दगडावर जाऊन बसली, आणि घरी येताना तिचा डावा गुडघा ठणकायला लागला.

त्याच दिवशी डॉक्टरांनी जांभळीवर पाटी ठोकली. गावात चौथी पास झालेला एकटा जयवंता. त्याने बोट फिरवत मोठ्याने वाचलं, "संधिवात, कंबरदुखी व गुडघेदुखी यांवर उत्तम उतारा."

"काय म्हनलास?" भागूबाई ओरडली. "उतारा?"

"तसंच लिवलंय, काकी."

आता उतारा म्हणजे औषध, हे डॉक्टरांच्या मराठीत. उन्हाळवाडीत उतारा म्हणजे आजारी माणसावरून ओवाळून वाटेवर ठेवलेला दहीभात. दुखणं त्या भातात उतरतं आणि जो ओलांडेल त्याला चिकटतं. भागूबाईने कपाळावर हात मारला.

"म्हंजे ही मान्सं आपली दुकनी आमच्या पान्यात उतरवून जातात! आनि वर पाटी लावून सांगतात!"

"आये, तुजा गुडगा धा वर्सं दुकतोय," तिचा मुलगा हिरामण म्हणाला.

"त्यो उजवा! हा डावा हाय. हा त्या जाड्याचा हाय!"

दुसऱ्या दिवसापासून गावाने कुंडाचं नाव टाकलं. आधी पाण्यात पाय घातलेला जो तो लंगडायला लागला. ज्यांनी घातला नव्हता तेसुद्धा, मागे राहायला नको म्हणून, जरासे लंगडू लागले. इकडे कुंड मोकळं मिळाल्यामुळे मुंबईकर खूश, आणि पुढच्या रविवारी टांगे दुप्पट आले. भागूबाई घरी पाणी तापवून अंघोळ करायची आणि पहिल्या तांब्यापासून शेवटच्या तांब्यापर्यंत डॉक्टरांना शिव्या घालायची. कुंडाच्या पाण्यावाचून तिचा दिवस दिवसासारखा वाटेना.

शेवटी येसाजीबाबांनी तोड काढली. गावात कुणालाही काही लागलं की त्यांनाच विचारायचे. "ज्याचं त्याला परत धाडायचं. आपन उतारा करू नि त्यांच्या वाटंवर ठेवू. ते ओलांडतील, आपली दुकनी घेऊन जातील."

रविवारी सगळं गाव लंगडत कामाला लागलं. घरटी एक पत्रावळ, तीवर दहीभात, लिंबू आणि कुंकवाचं बोट. टांगे थांबतात तिथून कुंडापर्यंत वाटेवर आडव्या एकवीस पत्रावळी मांडून सगळे करवंदीच्या जाळीमागे लपले.

टांगे आले. लठ्ठ गृहस्थ सगळ्यांत आधी उतरला, थबकला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "वा! गावकऱ्यांनी पंगत मांडलीय!"

"लिंबूसुद्धा वाढलंय हो," एक बाई गहिवरल्या. "खेड्यातली माणसं किती मायाळू!"

ओलांडायचं राहिलं बाजूला, मंडळी फतकल मारून बसली आणि लिंबू पिळून जेवू लागली. डॉक्टरांनी तर दोन पत्रावळी साफ केल्या. जाळीमागे गावाची बोबडी वळली. उतारा ओलांडल्याचं ऐकलं होतं, खाल्ल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात एका नव्या नवरीने पहिला घास उचलला. तिच्या हातावरची मेंदी अजून ताजी होती. भागूबाईला राहवलं नाही. ती जाळीतून धावत बाहेर आली.

"पोरी, टाक तो घास! उतारा हाय तो! गावाचं दुकनं हाय त्यात!"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. डॉक्टर हसले. "घाबरू नका. खुळचट समजूत आहे. शास्त्राप्रमाणे दहीभाताने काहीही होत नाही."

असं म्हणून ते उठायला गेले. पण मांडी घालून बसायची सवय नसल्यामुळे पायाला मुंग्या आल्या होत्या. ते "आई गं!" करून खाली बसले. बस्स! पाचव्या मिनिटाला वाटेवर एकही मुंबईकर नव्हता. टांग्यामागून धावताना लठ्ठ गृहस्थाला दोन तासांची आठवणसुद्धा राहिली नाही.

भागूबाई तडक कुंडाकडे निघाली.

"अगं, पान्यात दुकनी हायेत ना?" येसाजीबाबा ओरडले.

"आता कुटली? समदी खाल्ली त्यांनी!"

हे सगळ्यांना पटलं. गाव लंगडायचं थांबलं आणि पाण्यात उतरलं.

पुढचे दोन रविवार कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या रविवारी एकच टांगा आला. त्यातून डॉक्टर उतरले, एकटेच, काठी टेकत. हातात पितळी डबा होता. इकडेतिकडे पाहत ते पाण्यात बसलेल्या भागूबाईजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आजी, माझा शास्त्रावर पूर्ण विश्वास आहे."

"बरं."

"पण गुडघा दुखायचा काही राहत नाही. हिने दहीभात दिलाय. हा... नेमका कुठे ठेवायचा असतो?"

भागूबाईने डबा पाहिला, डॉक्टर पाहिले, मग जांभळीकडे बोट केलं.

"आदी ती पाटी उतरवा."

डॉक्टरांनी टांगेवाल्याकडून पक्कड मागून घेतली. ते चवड्यांवर उभे राहून कण्हत खिळे उपटू लागले, आणि भागूबाई गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसून कुठला खिळा राहिला ते त्यांना सांगत होती.