आडे कंट्रोलर आणि फलाट क्रमांक तीनचा रस्ता

आमच्या ले-आउटमध्ये जेसीबी येत नाही, लागतो. बसस्टँडवर गाडी लागते ना, तसा. आणि तो लागण्याआधी, आम्ही चहाचं आधण ठेवत असताना, घराघरांतल्या मोबाइलमधून एक खर्जातला आवाज येतो. "रहिवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पांढरकवड्याहून निघालेला जेसीबी थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. रहिवाशांनी आपापल्या मोटारसायकली, कुंड्या व शेळ्या ताब्यात घ्याव्यात. धन्यवाद."

हा आवाज आडे कंट्रोलरांचा. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्टँडच्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडल्या. पुढे निवृत्त झाले, बायको गेली, एकटे राहिले, पण माइक काही सुटला नाही. घाटंजीत आमच्या ले-आउटचे, म्हणजे वसाहतीचे, सिमेंटचे रस्ते आणि नाल्या मंजूर झाल्या तेव्हा कामाची माहिती सगळ्यांना कळावी म्हणून मोबाइलवर एक ग्रुप काढायचं ठरलं. काम संपलं की ग्रुप बंद, हेही तेव्हाच ठरलं. ग्रुप काढला मी. चौकात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे मोबाइलमधलं कुठलंही लचांड ताईच्या गळ्यात घालायचं अशी इथली रीत आहे. मी ग्रुप काढला आणि कंट्रोलरांना आयता स्टँड मिळाला.

आमच्या तीन गल्ल्यांचे त्यांनी पहिल्याच दिवशी तीन फलाट केले. हसता हसता ते सगळ्यांच्या तोंडात बसलं. आमच्या ह्यांनी तर यवतमाळच्या साडूला फोनवर पत्ता सांगितला, "फलाट तीन, उजव्या हाताचं शेवटचं घर." साडू बिचारे बसस्टँडवर जाऊन फलाट तीनवर उजव्या हाताला बसून राहिले. वर आमच्यावरच रागावले. कंट्रोलरांना हे कळलं तेव्हा त्यांना हसू आलं नाही. चौकशी खिडकीवर विचारायला पाहिजे होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

काम बंद पडलं असं त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. काम लेट असायचं. गिट्टी नाही आली, लेट. मजूर लग्नाला गेले, लेट. कंत्राटदार आठवडाभर फोन उचलेना, तरी "तांत्रिक कारणास्तव उशिराने धावत आहे" आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी. ही दिलगिरी ते स्वतः व्यक्त करायचे, जणू गिट्टी त्यांनीच घरात दडवून ठेवली होती. त्यांच्या समोरच सलीमभाई राहतात, कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. ते ग्रुपवर विचारायचे, "कंट्रोलरसाब, तिकीट वापस करू काय?" त्यावर कंट्रोलर पूर्ण गांभीर्यानं उत्तर द्यायचे की गाडी रद्द झालेली नाही, तिकीट परत मिळणार नाही.

काँक्रीट पहिल्यांदा आलं त्या दिवसाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. काँक्रीटचा ट्रक सांगितलेल्या वेळेच्या बराच आधी आला. कंट्रोलर गल्लीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. त्यांची सूचना व्हायची होती आणि सूचनेआधी गाडी फलाटावर घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. ड्रायव्हर काकुळतीला आला. "काका, माल गोठून राह्यला ना." कंट्रोलर म्हणाले, "गोठू दे. लोकं तयार नाहीत अजून. तुले टाइमाच्या आधी यायले कोणं सांगतलं?" मग त्यांनी रीतसर सूचना दिली, लोकांना मोटारसायकली हलवायला वेळ दिला, आणि नंतरच ट्रक आत सोडला. तोवर काँक्रीट चांगलंच घट्ट झालं होतं. पसरता पसरेना. मजुरांनी शिव्या घालत ते फावड्यांनी ओढलं. माझ्या घरासमोर रस्त्याला एक टेंगूळ आहे ते त्या दिवसाचं. स्कूटी तिथं रोज उडते आणि मी रोज कंट्रोलरांचा उद्धार करते.

पण खरं सांगायचं तर आमचं घर कोरडं आहे ते त्यांच्यामुळेच. काँक्रीट येण्याआधी कंत्राटदाराला जुना डांबरी रस्ता खोदायचा नव्हता, त्याच्यावरच सिमेंट ओतून मोकळं व्हायचं होतं. तसं झालं असतं तर रस्ता वर आणि फलाट तीनची सगळी घरं खाली, म्हणजे पावसाळ्यात नालीचं पाणी सरळ देवघरात. हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे आपापल्या गेटमागून एकमेकांना सांगत होते. कंट्रोलरांनी प्लॅस्टिकची खुर्ची रस्त्याच्या मधोमध टाकली, छत्री उघडली आणि ग्रुपवर जाहीर केलं की जुना रस्ता निघाल्याशिवाय नवा सुटणार नाही. नगरपरिषदेचे अभियंते आले, समजूत काढू लागले. कंट्रोलर शांतपणे म्हणाले की लाल दिवा आहे, ते काही करू शकत नाहीत. कुठला लाल दिवा, हे अभियंत्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी खोदकाम सुरू झालं.

रोज दुपारी ते माझ्या दुकानात यायचे. सकाळची सूचना कोणी कोणी ऐकली, हे मोबाइलमध्ये दिसतं असं त्यांना कुठूनसं कळलं होतं. ते बघायला चष्मा आणि धीर दोन्ही लागतात, आणि त्यांच्याकडे दोन्ही नव्हते. मी नावं वाचायची, ते मान डोलवायचे आणि मध्येच "बस बस" म्हणून निघून जायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला टाळ्या लागतात. गर्दीच्या वेळी आले की मी तसं तोंडावर बोलूनही दाखवायची. मी पडले फटकळ.

एक दिवस मी यादी शेवटापर्यंत वाचली तरी ते हलेनात. म्हटलं, झाली ना सगळी नावं, सलीमभाईंनीसुद्धा ऐकलं. ते हळूच म्हणाले, "विजूनं नाही ऐकलं अजून."

विजू म्हणजे त्यांचा मुलगा, विजय. पुण्याला असतो. घर त्याच्या नावावर आहे म्हणून घरमालक या नात्यानं मीच त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं, आणि रोज त्याच्याच नावावर "बस बस" होतं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आईच्या तेरवीला तो म्हणाला, घर विकून टाकू, माझ्याकडे चला. हे म्हणाले, मी काही पार्सल नाही. शब्दानं शब्द वाढला आणि तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद होतं. पण मुलगा बापाची एकूण एक सूचना ऐकत होता. गिट्टी आली, गिट्टी नाही आली, शेळ्या ताब्यात घ्या, सगळं पुण्यात बसून ऐकत होता. म्हटलं, मग फोन करा ना त्याला.

"फोनवर काय बोलू, ताई? मले सूचना देता येते. बोलता नाही येत."

त्या दिवशी विजूनं संध्याकाळी ऐकलं. कंट्रोलरांना कळवायला मी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाकडे अशी पायी निरोप घेऊन गेले असेन.

पुढे रस्ता झाला. मातीचे बांध घालून सिमेंट मुरायला त्यावर पाणी भरून ठेवलं, मग बांध काढले, रस्ता खुला झाला. लोक लगेच मागे लागले, ताई, आता ग्रुप बंद करा, सकाळी सकाळी डोक्याला ताप नको. त्यांचं खोटं नव्हतं, तसं ठरलंच होतं. मी आठवडाभर टाळाटाळ केली आणि शेवटी कंट्रोलरांना सांगायला गेले. वाटलं होतं, भांडतील. ते नुसते म्हणाले, "बराबर आहे. गाडी गेल्यावर फलाटावर थांबून काय करता." आणि त्याच संध्याकाळी शेवटची सूचना दिली, सर्व रस्ते पोचलेले आहेत, सहकार्याबद्दल आभार. मी ग्रुप बंद करायला मोबाइल हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. उद्या करू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ले-आउट एवढा शांत होता की सूचनेची वाट बघता बघता माझा चहा उतू गेला. दुपारी ग्रुपवर एक ओळ आली. विजयची. ग्रुपमध्ये आल्यापासून त्याचं पहिलंच अक्षर. "आज सूचना आली नाही. बाबा बरे आहेत ना?"

पाच मिनिटांत कंट्रोलर माझ्या दुकानात. चपला उलट्या घातलेल्या. म्हणाले, काय म्हणू ते तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून द्या, मी वाचतो. मी साफ नाही म्हटलं. त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला, बटण दाबलं, खाकरले आणि सवयीनं सुरू झाले, "रहिवाशांनी कृपया..." आणि थांबले. मग जो आवाज आला तो खर्जातला नव्हता आणि ती मराठीही नव्हती. ती त्यांची घरची, बंजाऱ्यांची गोरबोली होती.

"विजू. बाटी खादो क?"

जेवलास का. इतक्या वर्षांच्या शेजारानं एवढी गोरबोली मलाही येते. त्यांनी बोट उचललं आणि ते बोलणं गेलं, मुलाकडे नाही, अख्ख्या ले-आउटकडे. मी सांगितलं की पुसता येतं. ते म्हणाले, राहू द्या.

आमच्या ग्रुपवर कोणी शिंकलं तरी वीस अंगठे येतात. त्या दिवशी एकही आला नाही. मी समोरच्या गिऱ्हाइकाला नंतर या म्हणून सांगितलं आणि आम्ही दोघं त्या मोबाइलकडे बघत बसलो.

विजयचा आवाज आला तो जरा घोगरा होता. "खादो, बा. तू खादो क?"

कंट्रोलरांनी ते तीनदा ऐकलं. मग मोबाइल खिशात घातला आणि उठले. मी म्हटलं, अहो, उत्तर तर द्या त्याला, तो वाट पाहत असेल.

"सकाळपासून काही खाल्लं नाही मी," ते म्हणाले. "खोटं कसं सांगू त्याले? पहिले जेवून येतो."